आपल्या हाताचे ग्रीटिंग, आपल्या घरची वही

१४ एप्रिलच्या सकाळी मोबाईल उघडला की शुभेच्छांचा पाऊस पडलेला असतो. तेच चित्र पाच ग्रुपांतून पाच वेळा आलेले असते. आपणही ते पुढे पाठवतो आणि चार दिवसांनी फोनमध्ये जागा उरत नाही म्हणून सगळे पुसून टाकतो. पाठवणाऱ्याची भावना खरीच असते, पण तिची खूण मागे राहत नाही. दुकानात जावे, तर ग्रीटिंगची दुकानेही आता थोडीच उरली. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या बाजारात वाढदिवसाचे, दिवाळीचे, नाताळचे कार्ड मिळून जाते. पण ३ जानेवारीला सावित्रीमाईंचे, ७ फेब्रुवारीला माता रमाईंचे, ११ एप्रिलला महात्मा फुल्यांचे किंवा बुद्धपौर्णिमेचे कार्ड मागून पाहा! बाजार खपेल तोच माल ठेवतो. त्याला दोष देऊन काय उपयोग?

माता-भगिनींनो, आपल्या दिवसांचे कार्ड आपल्याच घरी तयार होऊ शकते. एकदा कागद, कात्री आणि खळ यांवर हात बसला, की त्याच हाताने घरच्या आठवणींची एक वहीही तयार होते. कार्ड दुसऱ्याच्या घरी जाते, वही आपल्या घरी राहते. या दोन्ही गोष्टी का कराव्यात आणि कशा कराव्यात, ते येथे मांडत आहे.

पत्राचा इतिहास होतो

सावित्रीमाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आज आपल्याला वाचायला मिळतात. पहिले १८५६ चे, दुसरे १८६८ चे, तिसरे १८७७ चे. घरातल्या माणसाने घरातल्या माणसाला लिहिलेली ही पत्रे. दुसऱ्या पत्रात नायगावची हकिगत आहे. एक ब्राह्मण तरुण आणि एक महार मुलगी यांच्या प्रेमापायी गावकरी त्यांच्या जिवावर उठले होते, तेव्हा सावित्रीमाईंनी त्यांना कसे वाचवले, ते त्यात आहे. तिसऱ्या पत्रात जुन्नर भागातील दुष्काळाचे वर्णन आहे. ही पत्रे राहिली नसती, तर या गोष्टी आपल्याला कोणी सांगितल्या असत्या?

म्हणून कार्ड करताना पहिली गोष्ट लक्षात ठेवावी. वरची सजावट कितीही सुंदर असली, तरी आत काय लिहिले यावर कार्डाचे मोल ठरते. 'हार्दिक शुभेच्छा' एवढेच लिहिलेले कार्ड आठ दिवसांनी रद्दीत जाते. 'ताई, यंदा तुझ्या भाचीने वस्तीच्या वाचनालयात पहिले भाषण केले' असे लिहिलेले कार्ड ट्रंकेत जपून ठेवले जाते. वर्षातली एक खरी बातमी आणि खाली तारीख, एवढे प्रत्येक कार्डात असावे.

छापील कार्डाआधी आणि नंतर

विकण्यासाठी छापलेले पहिले नाताळ कार्ड १८४३ साली लंडनमध्ये निघाले. हेन्री कोल या अधिकाऱ्याला इतक्या लोकांना पत्रे लिहायला वेळ नव्हता. त्याने चित्रकार हॉर्सली यांच्याकडून चित्र काढून घेतले आणि सुमारे हजार प्रती छापल्या. किंमत एक शिलिंग, म्हणजे तेव्हाच्या कामगाराला न परवडणारी. छापील कार्डाचा जन्म असा पैसा असलेल्या पण वेळ नसलेल्या माणसाच्या घरी झाला. आपल्याकडे वेळही थोडा आणि पैसाही थोडा. पण हात आहेत.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर युनिसेफने युरोपातील मुलांना दूध आणि औषधे पुरवली. चेकोस्लोव्हाकियातील यित्का नावाच्या सात वर्षांच्या मुलीने आभार म्हणून एक चित्र काढले. कागद मिळत नव्हता, म्हणून तिने ते काचेच्या तुकड्यावर रंगवले. १९४९ साली तेच चित्र युनिसेफचे पहिले ग्रीटिंग कार्ड झाले. एका लहान मुलीच्या हातचे काम जगभर गेले.

आपल्या विदर्भातही अशी कामे झालेली आहेत. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात कुष्ठरोगमुक्त आणि अपंग बांधवांनी ग्रीटिंग कार्डे तयार केली आणि ती महाराष्ट्रभर गेली. अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यात लवादा येथे संपूर्ण बांबू केंद्र आहे. तेथे मेळघाटातील आदिवासी कारागिरांनी बांबूच्या राख्या केल्या आणि त्यांना शहरांत बाजार मिळाला. बांबू मेळघाटात पूर्वीपासूनच होता. त्याची राखी करावी हे सुचले, आणि कामात सफाई आली, तेव्हा गिऱ्हाईक आले.

हाताने लिहिलेला ग्रंथ

हाताने लिहिलेल्या आणि सजवलेल्या पानाला काही लोक पोरखेळ समजतात. त्यांना भारताच्या संविधानाची मूळ प्रत आठवून द्यावी. ती छापलेली नाही. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी टाकाने लिहिली. त्यांना सुमारे सहा महिने लागले. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांच्या हातची. पाने सजवली ती शांतिनिकेतनचे नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांनी. उद्देशिकेच्या पानावरची नक्षी ब्योहार राममनोहर सिन्हा यांची. पाचव्या भागाच्या आरंभी तथागतांच्या जीवनातील प्रसंग आहे, तर सातव्या भागाच्या आरंभी सम्राट अशोकाच्या धम्मप्रसाराचा. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी यावर सह्या केल्या. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीने ज्याचा मसुदा केला, तो देशाचा सर्वांत मोठा ग्रंथ असा लेखणी आणि कुंचल्याने सजला आहे. अक्षर, चित्र आणि मजकूर एकत्र आणणाऱ्या पानाचा यापेक्षा मोठा नमुना कोणता?

कार्ड करण्याची रीत

सामान साधे आहे: कार्डशीट, खाकी कागद, कात्री, पट्टी, फेविकॉल, पोस्टर कलर, संपलेली रिफिल. शिवाय घरातली रद्दी. आपल्या प्रत्येक घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतो. तिच्यावर तथागतांचे आणि बाबासाहेबांचे चित्र असते, म्हणून ती कचऱ्यात टाकायला मन धजत नाही. ही चित्रे कडेने नीट कापून कार्डावर वापरावीत. पत्रिकेचा जाड कागद आतल्या कोऱ्या बाजूने उपयोगी पडतो, सोनेरी पट्ट्या किनारीला चालतात.

कार्डशीट २५० जीएसएमची घ्यावी. ए-फोर आकाराच्या एका शीटचे मधून दोन भाग करावे. प्रत्येक भाग दुमडला की जवळजवळ पोस्टकार्डाएवढे कार्ड होते. एका शीटमध्ये दोन कार्डे बसतात. कागदालाही लाकडासारखे तंतू असतात. शीट हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून पाहावी. ज्या बाजूने ती सहज वाकते, त्या बाजूने घडी घालावी, म्हणजे घडीवर कागद फाटत नाही. घडीच्या जागी पट्टी ठेवून संपलेल्या रिफिलने एक रेघ दाबावी आणि मग दुमडावे. एवढ्या एका गोष्टीने घरचे कार्ड दुकानातल्यासारखे सरळ दिसते.

बुद्धपौर्णिमेच्या कार्डासाठी पिंपळपानासारखे दुसरे काही नाही. लहानपणी पुस्तकात पिंपळाचे पान ठेवून त्याची जाळी व्हायची वाट आपण सर्वांनी पाहिली आहे. खात्रीची रीत अशी: जून झालेली, न फाटलेली पाने पाण्याच्या डब्यात तीन-चार आठवडे भिजत ठेवावी. तीन-चार दिवसांनी पाणी बदलावे. वास येतो, म्हणून डबा घराबाहेर ठेवावा, आणि झाकण घट्ट लावावे, नाहीतर त्यात डासांची अंडी होतील. पानाचा गर सुटू लागला की ताटात पाणी घेऊन, जुन्या दातांच्या ब्रशने, पाण्याखालीच हलक्या हाताने गर काढावा. जाळी राहते. ती जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवावी आणि निळ्या कार्डावर पातळ फेविकॉलने चिकटवावी. कोवळी पाने घेऊ नयेत, ती फाटतात.

जयंतीच्या कार्डाला पंचशील ध्वजाची पट्टी शोभते. हा ध्वज १८८५ साली कोलंबोत प्रथम फडकला. रंगांचा क्रम निळा, पिवळा, लाल, पांढरा, नारंगी असा आहे आणि सहाव्या पट्टीत हेच पाच रंग एकाखाली एक येतात. पताका कागदाच्या पट्ट्या कापून लावताना हा क्रम चुकवू नये. अक्षरे लिहिताना पेन्सिलीने दोन बारीक रेघा आखून घ्याव्यात आणि वाळल्यावर खोडाव्यात.

मजकुराचेही तारतम्य हवे. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, १४ ऑक्टोबर या दिवशी शुभेच्छा द्याव्यात. ६ डिसेंबर हा महापरिनिर्वाण दिन आहे; त्या दिवशीच्या कार्डावर 'विनम्र अभिवादन' लिहावे आणि चमचम टाळावी. तथागतांचे किंवा बाबासाहेबांचे चित्र पाकिटावर लावू नये. पाकिटावर शिक्के पडतात आणि ते फाडले जाते. पोस्टाने पाठवायचे तर मणी, बटणे लावू नयेत. वर सांगितलेल्या आकाराचे कार्ड पाकिटासह २० ग्रॅमच्या आत राहते आणि साध्या पत्राच्या पहिल्या टप्प्यात जाते.

मजुरी हिशेबात धरा

काही भगिनींना यातून चार पैसे मिळवायचे असतील. मी पेशाने लिपिक असल्याने हिशेबाची सवय आहे. नमुना म्हणून वीस कार्डांचा हिशेब देते. भाव आपल्या बाजारात विचारून घालावेत. दहा कार्डशीट, ८ रुपयांप्रमाणे ८० रुपये. पाकिटांचा खाकी कागद २८ रुपये. रंग आणि फेविकॉल यांचा वाटा ३२ रुपये. लेस, दोरा वगैरे २० रुपये. सामानाचा खर्च १६० रुपये, म्हणजे कार्डामागे ८ रुपये.

इथेच बहुतेक जणी थांबतात आणि कार्ड दहा रुपयांना देऊन दोन रुपये सुटले म्हणून समाधान मानतात. वीस कार्डांना आठ तास लागले, तर ते आठ तास कोणाचे? तासाला ५० रुपये धरले तरी मजुरी ४०० रुपये होते, म्हणजे कार्डामागे २० रुपये. खरा खर्च २८ रुपये झाला. कार्ड ३५ रुपयांना विकले तर ७ रुपये उरतात, आणि त्यातच खराब झालेली व न खपलेली कार्डे भागवायची आहेत. गिऱ्हाईक ३५ देणार नसेल, तर काम कमी वेळात होईल असा सोपा नमुना शोधावा. घरातल्या बाईचे श्रम शून्य रुपये धरण्याची सवय मोडली पाहिजे. निदान आपल्या वहीत तरी ते श्रम लिहिले जावेत. जयंतीच्या काळात अमरावतीला इर्विन चौकात आणि अकोल्याला अशोक वाटिकेत लोक जमतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात. चार-पाच जणींनी मिळून अशा ठिकाणी कार्डे ठेवून पाहावीत. आधी वीसच करावीत; खपली तर पुढची करावीत.

आठवणींची वही

आता दुसऱ्या आणि माझ्या मते अधिक महत्त्वाच्या कामाकडे वळू. शहरांतल्या हौशी मंडळींत 'आर्ट जर्नल' नावाची वही करतात. एका पानावर रंग, फोटो, कापडाचा तुकडा, तिकीट आणि हस्ताक्षर असे सगळे एकत्र येते. ती करमणूक म्हणून होते. आपल्या घरात तीच वही गरजेची वस्तू आहे. का, ते सांगते.

१३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. विषय होता अंबादेवी मंदिर प्रवेशाचा. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद झाली. तिच्या अध्यक्षा होत्या आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो स्त्रिया जमल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला विरोध, कामगार स्त्रियांच्या सवलती असे ठराव तेव्हा आपल्या आज्या-पणज्यांनी केले! त्या हजारोंत वऱ्हाडातील किती बाया होत्या, त्या कशा गेल्या, लेकरे कोणाजवळ ठेवली, परत आल्यावर घरी काय ऐकावे लागले? अध्यक्षांचे नाव इतिहासात राहिले. बाकीच्यांच्या गोष्टी त्यांच्याबरोबर गेल्या.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगावी जाऊन चळवळीतील वृद्ध स्त्रियांना गाठले, त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आले. हे काम झाले म्हणून तेवढ्या जणींचे शब्द वाचले. पण दोन लेखिका किती घरी पोहोचणार? आपल्या घरची आजी आपल्यालाच लिहून घ्यावी लागेल. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे मूल दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहे. हे काम पुढच्या सुटीवर टाकण्यासारखे नाही.

कागद आपोआप टिकतो असेही समजू नये. खुद्द बाबासाहेबांच्या दिल्लीच्या अलीपूर रोडवरील निवासस्थानातील कागदपत्रे १९६७ साली उघड्यावर टाकली गेली आणि पावसात भिजली. उरलेल्या हस्तलिखितांतून पुढे वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून महाराष्ट्र शासनाचे खंड निघू लागले. इतक्या मोठ्या माणसाच्या कागदांची ही गत झाली, तर आपल्या ट्रंकेतल्या कागदांचे काय?

पान असे रचावे

शिवलेली, जाड पानांची वही घ्यावी. चित्रकलेची चालेल. एका पानावर एकच प्रसंग घ्यावा: आजीचे लग्न, बाबांची गिरणीतली पहिली पाळी, दीक्षेचा दिवस, घरातल्या पहिल्या मॅट्रिक पास मुलीचा निकाल.

आधी ऐकावे, मग सजवावे. 'धम्मदीक्षेबद्दल सांग' असे विचारले की आजी भाषणासारखे बोलते. 'नागपूरले कशात बसून गेली? सोबत कोण होतं? खायले काय नेलं? पांढरं लुगडं कोठून आणलं?' असे विचारले की आठवण उघडते. 'भाकरी फडक्यात बांधून नेल्या होत्या' असे एखादे वाक्य आले, तर ते आहे तसेच, वऱ्हाडीतच लिहावे. त्याला पुस्तकी मराठीचा मुलामा देऊ नये. ज्याला लिहिता येत नाही, त्याचा अंगठा घ्यावा. तोही त्या पानाचा भाग आहे. मोबाईलवर आवाज नोंदवून ठेवावा, पण पान त्याच आठवड्यात लिहावे.

रचनेचा क्रम असा. प्रथम पानावर पांढऱ्या पोस्टर कलरचा पातळ हात द्यावा आणि पूर्ण वाळू द्यावा. त्यावर रंगाची पार्श्वभूमी. मग चिकटवायच्या वस्तू: जुन्या सुती लुगड्याच्या काठाची पट्टी, एसटीचे तिकीट, पगाराच्या चिठ्ठीची झेरॉक्स, जयंतीच्या पत्रकाचा तुकडा. शेवटी लिखाण. ओल्या रंगावर लिहिले की शाई पसरते, म्हणून घाई करू नये. बॉलपेन किंवा पाण्याने न फुटणारी शाई वापरावी. मूळ फोटो किंवा मूळ दाखला कधीही चिकटवू नये. त्याची झेरॉक्स लावावी आणि मूळ प्रत वेगळ्या पाकिटात ठेवावी. जातीचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, शाळा सोडल्याचा दाखला हे तर कामाचे कागद आहेत. त्यांना कात्री लागता कामा नये. पानाच्या खाली सांगणाऱ्याचे नाव, लिहिणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख टाकावी.

लहान मुलांना रंग आणि चिकटवणे द्यावे, शाळकरी मुलांना लिहिणे द्यावे. आजीला शेजारी बसवावे. बोलता बोलता ती स्वतःच ट्रंकेतून काही काढून देते.

वही टिकवण्यासाठी

वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. तो लवकर पिवळा पडतो आणि तुटतो. म्हणून महत्त्वाचे कात्रण झेरॉक्स करून लावावे. सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद मात्र फार काळ टिकतो. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेने असा कागद करण्याचे काम केले. कापसाच्या वऱ्हाडात राहणाऱ्या आपल्याला हे ठाऊक असावे, की कापसाचा कागद लाकडाच्या कागदाला मागे टाकतो. वहीच्या दोन-चार खास पानांसाठी तो मिळाला तर जरूर वापरावा.

खळ घरी शिजवायची असेल तर एका वेळी लागेल तेवढीच करावी. शिळी खळ आंबते आणि कसर व झुरळे ओढून आणते. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात, पण ते विष आहे. मुलांच्या हाती जाणाऱ्या खळीत नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेला कागद कडक होतो आणि पावसाळ्यात भिंतीला लागून ठेवलेल्याला ओल येते. म्हणून वही सुती कापडात गुंडाळून, भिंतीपासून दूर, जमिनीपासून वर, पेटीत ठेवावी. पेटीत कडुनिंबाची पूर्ण वाळलेली पाने टाकावीत. पावसाळा संपला की पाने सावलीत उघडून हवेवर ठेवावीत. प्रत्येक पानाचा मोबाईलने फोटो काढून तो बाहेरगावच्या एका नातेवाइकाला पाठवून ठेवावा. पूर आला, आग लागली, तरी मजकूर वाचतो.

येत्या जयंतीला एक गोष्ट करून पाहा. मुलांकडून पाच कार्डे करून घ्या आणि ज्यांच्याशी वर्षभरात बोलणे झाले नाही, अशा पाच घरी पाठवा. आत एक खरी बातमी लिहा, आणि शेवटी एक प्रश्न विचारा: 'मोठ्या आईला छप्पन सालचे काय आठवते? लिहून पाठवा.' जे उत्तर येईल, ते तुमच्या वहीचे पहिले पान.

जयभीम.